दुसरी खेप

(मंडळाच्या वर्धापनदिनी बारामती येथे केलेले भाषण)



वर्धापनदिनी वक्तीने चार गोड शब्द बोलावेत अशी रीत आहे. मी मात्र आज हिशेबाचे बोलणार आहे. हिशेब आहे आपल्या मुलींच्या प्रवेशपरीक्षांचा. तो न कळल्यामुळे माझ्या हातून एक चूक घडली, ती आधी सांगते.

काही वर्षांपूर्वी इंदापूर तालुक्यातील नीरेकाठच्या एका गावची मुलगी बारामतीस शिकावयास येत असे. पहाटेची एस.टी. धरावयाची आणि दिवेलागणीला घरी पोहोचावयाचे, असा तिचा क्रम. जानेवारीत ती जे.ई.ई. मेनला बसली, निकाल बरा लागला. एप्रिलमध्ये तीच परीक्षा पुन्हा होती. तिची आत्या म्हणाली, "एकदा बरे झाले आहे ना? मग हात दाखवून अवलक्षण कशाला?" मी चार बुके शिकलेली म्हणून मला विचारावयास आले. मला वाटले, दुसऱ्या वेळी गुण उतरले तर पहिले जातील, निदान दोहोंची सरासरी तरी काढतील. मी मान डोलावली. मुलगी बसली नाही, आणि तिला हवी असलेली शाखा थोडक्यात हुकली. ती आज दुसऱ्या शाखेची पदवी घेऊन नोकरी करते. तिचे वाईट झाले असे नाही. पण मी नंतर नियम वाचला तेव्हा मनाला फार लागले. दोन्ही खेपांना बसल्यास अधिक गुण तेवढे धरतात, उणे बाजूला पडतात. गमावण्यासारखे तिच्यापाशी काहीच नव्हते!

भगिनींनो, नियम सर्व परीक्षांना सारखा नाही, हीच गोम आहे. जे.ई.ई. मेन २०१९ पासून वर्षातून एकाहून अधिक वेळा होते आणि त्यांतील उत्तम निकाल धरला जातो. आपल्या राज्याची अभियांत्रिकीची एम.एच.टी.-सी.ई.टी. २०२६ पासून एप्रिल व मे अशी दोनदा घेण्याचे शासनाने ठरविले: पहिली खेप आवश्यक, दुसरी ऐच्छिक, आणि दोन्ही दिल्यास अधिक पर्सेंटाईल धरावयाचे. वैद्यकीयच्या 'नीट'चे मात्र निराळे. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे घरोघरी नीटचे नाव निघते. तेथे ज्या वर्षी प्रवेश, त्याच वर्षीचे गुण. गेल्या वर्षी अधिक मिळाले होते, हे सांगून उपयोग नाही. म्हणून जी मुलगी वर्ष थांबून पुन्हा नीट देते, तिने जुने गुण गाठीला आहेत असे समजू नये. दुसऱ्या खेपेला जे.ई.ई.त धोका नाही, नीटमध्ये आहे; दोहोंना एकच माप लावणे बरोबर नव्हे.

आणखी एक गैरसमज. जानेवारीत भौतिकशास्त्र चांगले गेले आणि एप्रिलमध्ये गणित, तर दोन्ही वेचून घेतील असे मुलींना वाटते. अमेरिकेत एस.ए.टी. नावाची परीक्षा आहे. तेथील काही महाविद्यालये निरनिराळ्या खेपांतील भाषेचे व गणिताचे उत्तम गुण वेचून बेरीज करतात. आपल्याकडे अशी निवड-पाखड नाही. खेप घेतली की तिन्ही विषयांसकट सगळीच घेतली. म्हणून दुसऱ्या खेपेसाठी एकट्या गणिताच्या मागे लागून बाकीचे विषय गुंडाळून ठेवणे महागात पडते.

पर्सेंटाईल म्हणजे टक्के नव्हेत, हेही ध्यानात घ्या. परीक्षा अनेक सत्रांत होते. एखाद्या सत्राची प्रश्नपत्रिका सोपी, दुसरीची अवघड असावयाची. म्हणून त्या सत्राला बसलेल्यांपैकी शेकडा किती जणांना तुमच्याइतके किंवा कमी गुण आहेत, हे पाहतात. ९० पर्सेंटाईल म्हणजे १०० पैकी ९० गुण नव्हेत. ती रांगेतली जागा आहे. जे.ई.ई.ची रांग देशाची, सी.ई.टी.ची रांग आपल्या राज्याच्या प्रवेशाची. एकीतले आकडे दुसरीशी ताडून मुलीला बोल लावू नका. जागाही निराळ्या: खाजगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांत अखिल भारतीय जागांना जे.ई.ई., राज्याच्या जागांना सी.ई.टी.

आता पैशाचे. दुसऱ्या खेपेला वेगळे शुल्क, एस.टी.चे भाडे, सोबतीला जाणाऱ्याचा बुडालेला रोज, हे सारे खरे आहे. पण दुसरी बाजूही मांडा. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्ग यांतील, वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क माफ आहे. अट ही की प्रवेश केंद्रीभूत फेरीतून झालेला असावा. व्यवस्थापनाच्या कोट्यातून घेतलेल्या जागेला ही माफी नाही. म्हणजे गुण थोडे वाढून फेरीत जागा मिळाली, तर एका खेपेचा खर्च कितीतरी पटींनी भरून निघतो.

शेवटी मनातले बोलते. मी असे पाहिले आहे की मुलाला कमी पडले की घरात म्हणतात, "पुन्हा बैस." मुलीला कमी पडले की म्हणतात, "झाले एवढे पुरे." आणि मुलीला बरे पडले तरी म्हणतात, "झाले एवढे पुरे!" नियम मुलगा-मुलगी पाहत नाही, दुसरी खेप दोघांनाही सारखीच मोकळी आहे. ती बंद होते ती आपल्या उंबरठ्यावर. मीही एकदा तो उंबरठा झाले होते, म्हणून हे सांगण्याचा मला अधिकार आहे असे मी मानते.

तेव्हा प्रत्येकीने घरी गेल्यावर एवढेच करावे. मुलीच्या परीक्षेचे माहितीपत्रक तिच्या शेजारी बसून वाचावे, आणि दोन खेपा असतील तर कोणते गुण धरतात ही ओळ शोधून तिच्याखाली पेन्सिलीने रेघ ओढावी. नियम वर्षागणिक बदलतात, म्हणून दरवर्षी नव्याने वाचावे. मग तिला बसावयाचे की नाही ते तिलाच ठरवू द्यावे.