जुन्या पिकअपमधला गारवा

श्रोते हो, वऱ्हाडचा उन्हाळा काय असतो हे अमरावती-अकोल्याच्या माणसाला रेडिओवरून सांगायला नको. 2024 सालच्या मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर गेला, तेव्हा अकोला जिल्ह्यात उन्हापायी जमावबंदीचा हुकूम काढावा लागला होता. अशा दिवसांत अंजनगाव सुर्जीहून पहाटे केळी भरून निघालेला पिकअपवाला अकोल्याचा बाजार आटोपतो आणि भर दुपारी अकोटच्या रस्त्याने परततो. पुढे इंजिनाची धग, डोक्यावर तापलेला पत्रा, आणि खिडकी उघडावी तर झळा तोंडावर.

असाच एकजण, माझा जुना विद्यार्थी, मागे माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, डोयापुढं अंधारी आली, म्हून गाडी तशीच निंबाखाली लावली. एसी आहे, पन गरम हवा फेकते. गॅस संपला असन. दरसाल भरतो नं मी!"

दरसाल भरतो, या दोन शब्दांसाठीच आजचे हे भाषण आहे.

आपल्याकडे घरोघरी कूलर. त्यात सकाळी पाणी ओतायचे, दुपारपर्यंत ते उडून जाते, पुन्हा ओतायचे. त्यामुळे एसीचा गॅसही असाच खर्च होत असणार, अशी समजूत होऊन बसली आहे. ती चुकीची आहे. एसीचा गॅस डिझेलासारखा जळत नाही की कूलरच्या पाण्यासारखा उडून जात नाही. तो बंद नळ्यांतून मोटेसारखा फेऱ्या घालतो. मोट विहिरीत रिकामी जाते, भरून वर येते, थारोळ्यात पाणी ओतते आणि परत जाते. तसा हा गॅस कॅबिनमधली उष्णता उचलतो आणि गाडीच्या तोंडाशी नेऊन बाहेर टाकतो. मोट फुटली नसेल तर ती दरसाल नवी घ्यावी लागते का?

शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात एक प्रयोग जरूर दाखवावा. मुलाच्या हाताच्या पाठीवर स्पिरिटचा थेंब टाका आणि फुंकर मारा. गार लागते, कारण उडताना स्पिरिट हाताची उष्णता घेऊन जाते. एसीचा गॅस हवेच्या साध्या दाबाला शून्याखाली 26 अंशांवरच उकळतो. डॅशबोर्डामागच्या कूलिंग कॉइलमध्ये तो असाच उकळून उष्णता ओढतो. कॉम्प्रेसर त्याला दाबून तापवतो, रेडिएटरपुढचा कंडेन्सर ती उष्णता वाऱ्याला देतो आणि गॅस पुन्हा पातळ होतो.

तेव्हा गार हवा येईनाशी झाली की आधी गॅसचे नाव घेऊ नका, कंडेन्सरपुढे जाऊन उभे राहा. हिवाळ्यात हीच गाडी कापूस घेऊन जिनिंगला गेलेली असते. त्या कापसाचे तंतू आणि काळ्या मातीची धूळ जाळीत बसून नुसती गोधडी तयार होते. इंजिन थंड असताना साध्या नळाच्या पाण्याने ती धुवावी. सर्व्हिसिंगवाल्याचा जोराचा फवारा मारला तर पाती वाकतात. मग इंजिन व एसी चालू करून, पंख्यापासून हात दूर ठेवून, कंडेन्सरवर तांब्याभर पाणी शिंपडावे. लगेच गारवा वाढला तर दोष बहुधा जाळीत किंवा तिच्या पंख्यात आहे. पट्टा सैल आहे का, फ्यूज गेला आहे का, एसीचे बटण दाबल्यावर कॉम्प्रेसरचा क्लच टक् करून बसतो का, हेही पाहावे. यात पैसा लागत नाही.

एवढे करूनही भागले नाही आणि गेजवर दाब कमी दिसला, तर गॅस कमी आहे हे खरे. पण तो कुठून तरी गेला आहे. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षांत थोडा पाझरतो ते सोडा. एका उन्हाळ्यात रिकामा होत असेल तर गळती आहेच. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही झिरपते, म्हणून सांध्याशी धुळीचा तेलकट काळा डाग शोधावा. मिस्त्रीला सांगावे, आधी नायट्रोजनचा दाब भर आणि साबणाचा फेस लावून बुडबुडे दाखव. गळती काढल्यावर ओ-रिंग बदलावी, नळ्या बराच काळ उघड्या राहिल्या असतील तर ड्रायरही बदलावा. मग निदान अर्धा तास व्हॅक्यूम पंप चालवून आतली हवा आणि ओल काढावी, आणि बॉनेटखालच्या चिठ्ठीवर जितके ग्रॅम लिहिले असतील तितकाच गॅस वजनाने भरावा. अंदाजाने जास्त भरला तर गारवा उलट घटतो.

स्वस्तात म्हणून स्वयंपाकाचा गॅस भरून देणारे भेटतात. त्यांच्या वाऱ्यालाही उभे राहू नका. तो कॅबिनमध्ये गळला तर एका ठिणगीने भडका उडेल. फार जुन्या गाडीत आर-12 हा गॅस असे. ओझोनच्या थराला तो घातक ठरल्याने 1987 साली माँट्रियल येथे करार झाला, आणि आपल्या देशात 2010 पासून त्याचा वापर थांबला. अशा गाडीत आर-134ए भरायचा तर तेल आणि जोडण्याही बदलाव्या लागतात. वरून नुसता ओतून चालत नाही.

सरकारने 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालमोटारींत चालकासाठी एसी सक्तीचा केला आहे. आपला पिकअप त्या वजनाच्या आतला, आणि जुन्या गाडीला तर तो नियम नाहीच. ऊन मात्र वजन पाहून लागत नाही.

माझ्या विद्यार्थ्याच्या गाडीत दोष निघाला कंडेन्सरच्या खालच्या सांध्यावर. एक ओ-रिंग वाळून चिरली होती. तीन उन्हाळे तो गॅस भरत होता, आणि एकाही मिस्त्रीने तिथे फेस लावून पाहिला नव्हता. रिंग बदलली, ड्रायर बदलला, व्हॅक्यूम मारला. आता हिवाळ्यातही तो आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवतो, म्हणजे आतले तेल फिरते आणि कॉम्प्रेसरचे सील वाळत नाही. घरची मंडळी हसतात म्हणे, "थंडीत कायले एसी लावता?" बॉनेटच्या आतल्या अंगाला त्याने रंगाने तारीख आणि भरलेले ग्रॅम लिहून ठेवले आहेत. त्याखाली दुसरी ओळ अजून लिहावी लागलेली नाही.