पडदे रंगवणारे बाबूराव

चित्रकाराला एक प्रश्न हमखास विचारला जातो. ‘चित्रं काढता हे ठीक, पण करता काय?’ पूर्वी मला याचा राग येई. आता येत नाही, कारण आमच्यातलेही बरेच जण मनातून तसंच मानतात. मनासारखं काम ते खरं, सांगून आलेलं काम ते पोटासाठी. स्फूर्ती पहिल्याला यायची, दुसऱ्याचं नुसतं बिल करायचं. मला ही वाटणी मान्य नाही. का नाही, ते सांगायला आज आपल्याला कोल्हापूरला घेऊन जातो, बाबूराव पेंटरांकडे.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री, जन्म १८९० चा. वडील सुतारकामापासून कोरीवकामापर्यंत सगळीकडे हात चालणारे कारागीर. चित्रकलेच्या शाळेची पायरी बाबूराव चढले नाहीत. नात्यानं भाऊ लागणारे आनंदराव आणि ते, दोघांनी मिळून नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायला घेतले. संगीत नाटकांचा तो बहराचा काळ. कंपनीला राजवाडा हवा, रस्ता हवा, रान हवं, आणि तेही पुढच्या मुक्कामाच्या आत. पडद्यांनी या दोघांना नाव दिलं. ‘पेंटर’ हेच आडनाव होऊन बसलं.

आता पडदा रंगवणं म्हणजे काय, ते जरा बघा. भिंतीएवढं कापड. ते गुंडाळलं जाणार, बैलगाडीत आणि रेल्वेत आदळणार, तरी रंगाचे पापुद्रे सुटता कामा नयेत. शेवटच्या रांगेतल्या माणसाला महालाचे खांब खोलवर गेलेले दिसले पाहिजेत, आणि पुढे उभा राहिलेला नट मात्र खांबांपेक्षा मोठा वाटता कामा नये. बत्तीच्या पिवळ्या उजेडात कुठला निळा काळा पडतो, कुठला टिकतो, हे माहीत हवं. हे सगळं बाबूराव शिकले ते ठरलेल्या तारखेच्या आणि ठरलेल्या पैशांच्या कामावर.

१९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट आला आणि या दोघा भावांना चलच्चित्रानं झपाटलं. कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून घरीच करायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले, काम अर्धवट राहिलं. बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून ते पुरं केलं. पुढे चित्रपट कंपनी काढायला पैसे कुणी दिले? कुण्या बँकेनं नव्हे. तानीबाई कागलकर या गायिकेनं दिले. कलेतून कमावलेला पैसा कलेत गुंतवणारी ही बाई आपल्या सिनेमाच्या इतिहासात एका ओळीत आटोपते, याचं मला वाईट वाटतं.

महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला आणि लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं. पण मला त्याहून मोठी वाटणारी गोष्ट वेगळी आहे. त्या काळी सिनेमातही मागे रंगवलेला पडदाच टांगायचे. बाबूरावांनी तो काढला आणि खांब, कमानी, दालनं खरोखरीची उभी केली. ज्याची रोजीरोटी पडद्यांवर चालली होती, त्यानंच पडदा बाद केला! रंगवलेल्या खांबाची लबाडी कुठे उघडी पडते, हे ते खांब रंगवणाऱ्यालाच कळणार. ‘सिंहगड’ या चित्रपटाला त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला, कलाकारांच्या वेषभूषेची रेखाटनं स्वतः केली, जाहिरातीची पोस्टरं स्वतः रंगवली. १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ केला. त्यात देवदेवता नाहीत, कर्जापायी जमीन घालवून बसलेला शेतकरी आहे. हा सगळा विचार सांगून आलेल्या कामातून आलेला आहे.

पुढे १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम ही मंडळी बाबूरावांच्या कंपनीतून बाहेर पडली आणि त्यांची ‘प्रभात’ ही चित्रपट कंपनी निघाली. बोलपटांच्या जमान्यात बाबूरावांचा जम पूर्वीसारखा बसला नाही. ते ब्रशाकडे आणि मूर्तिकामाकडे वळले. १९५४ साली ते गेले.

सांगून आलेल्या कामाची दुसरी बाजूही कोल्हापुरातच सापडते. आबालाल रहिमान हे शाहू महाराजांच्या पदरी असलेले चित्रकार. त्यांना गिऱ्हाइकाच्या मागे धावावं लागलं नाही. ते कोटितीर्थाच्या काठी बसत आणि त्याच पाण्यावरचा उजेड पुन्हा पुन्हा रंगवत. तेही उत्तमच काम. म्हणजे ऑर्डर असली तरच कला फुलते, असं मी म्हणणार नाही. दोघांत समान काय, तर पैसा कुठून येणार याचा घोर निदान काही काळ तरी नव्हता. दीनानाथ दलालांनी याला तिसरा उपाय काढला. दुसऱ्यांची मुखपृष्ठं करता करता १९४५ मध्ये त्यांनी ‘दीपावली’ हे स्वतःचं नियतकालिक काढलं. चित्रकारच मालक झाला!

मी स्वतः मुखपृष्ठं करतो. प्रकाशक म्हणतात, दोनच रंगांत बसवा, परवडत नाही. माझी बरी म्हणावीत अशी चित्रं त्या दोन रंगांतच झाली आहेत. चारही रंग मोकळे मिळाले की मी सैल सुटतो. कामाच्या अटीचा मला त्रास होत नाही. त्रास होतो तो पुस्तक दुकानात पोचूनही पैसे न पोचल्याचा.

तेव्हा एक विनंती. दिवाळी अंक, गणेश मंडळाचा देखावा, संस्थेचं बोधचिन्ह, घरची लग्नपत्रिका, काहीही करून घ्यायचं असेल, तर रक्कम आधी ठरवा, थोडा विसार हातावर ठेवा, आणि काम पोचलं की उरलेले पैसे त्याच आठवड्यात द्या. ‘तुमचंही नाव होईल’ असं म्हणून गप्प बसू नका. आणि कलावंत मित्रांनो, तुम्हीही पहिल्याच भेटीत पैशांचं बोला.