डेम्प्स्टर महामार्ग : गोठलेल्या भूमीवरील वाट



कॅनडाच्या वायव्य कोपऱ्यात, युकॉन प्रदेशात, डॉसन नावाचे एक लहानसे नगर आहे. १८९६ साली क्लोंडाइक नदीच्या परिसरात सोने सापडले आणि त्यातून या नगराचा जन्म झाला. डॉसनच्या पूर्वेस सुमारे ४० किलोमीटरांवर मुख्य रस्त्याला एक फाटा फुटतो. तेथून निघालेला खडीचा रस्ता पर्वत, पठारे आणि दोन मोठ्या नद्या ओलांडून ७३६ किलोमीटर दूर असलेल्या इनुविक या गावी पोहोचतो. हाच डेम्प्स्टर महामार्ग. उत्तर ध्रुववृत्त ओलांडणारा कॅनडातील हा पहिला बारमाही मोटाररस्ता होय.

या रस्त्याला ज्याचे नाव दिले आहे, तो पुरुष कोणी संशोधक नव्हता की राज्यकर्ता नव्हता. विल्यम डेम्प्स्टर हा घोडदळ पोलिसांतील एक कॉर्पोरल होता. २१ डिसेंबर १९१० रोजी इन्स्पेक्टर फ्रान्सिस फिट्झजेराल्ड आणि त्याचे तीन सोबती टपाल घेऊन फोर्ट मॅकफर्सनहून डॉसनकडे निघाले. कुत्र्यांच्या घसरगाड्या हलक्या राहाव्यात आणि प्रवास लवकर उरकावा, म्हणून त्यांनी शिधा बेताचाच घेतला होता. वाटेत त्यांना एक ग्विचिन वाटाड्या मिळाला. परंतु थोडे अंतर गेल्यावर त्यांनी त्याला निरोप दिला. पुढची वाट दाखविण्याचे काम ज्याच्याकडे होते, तो या मार्गाने पूर्वी एकदाच आणि तोही उलट दिशेने गेलेला होता. डोंगरांतली खिंड सापडेना. शोधाशोधीत दिवस गेले, शिधा संपत आला. अखेर जानेवारीत ते मागे फिरले आणि एकेक कुत्रा मारून त्याच्या मांसावर दिवस काढू लागले. फेब्रुवारीच्या अखेरीस डेम्प्स्टर त्यांच्या शोधार्थ डॉसनहून निघाला. त्याच्या तुकडीत चार्ली स्ट्यूअर्ट हा ग्विचिन वाटाड्या होता. मार्चमध्ये चारही देह सापडले. फिट्झजेराल्ड ज्या ठिकाणी कोसळला, तेथून फोर्ट मॅकफर्सन अवघे ४० किलोमीटर उरले होते.

एका तुकडीने वाटाड्या परत पाठविला, दुसरीने तो सोबत घेतला. उत्तरेकडील प्रवासाचे सारे मर्म या एवढ्या भेदात सामावले आहे.

मोटाररस्त्याची कल्पना पुढे आली ती खनिज तेलाच्या आशेने. १९५९ साली बांधकाम सुरू झाले, दोन वर्षांत थांबले आणि १९६८ साली शेजारच्या अलास्कात तेलाचा मोठा साठा सापडल्यावर त्याला पुन्हा चालना मिळाली. १८ ऑगस्ट १९७९ रोजी रस्त्याचे रीतसर उद्घाटन झाले.

येथे रस्ता बांधण्याची रीत आपल्या ओळखीच्या रीतीहून अगदी निराळी आहे. एरवी जमीन खणून, साफ करून पाया घालतात. या प्रदेशात मात्र वरच्या शेवाळाच्या थराखालची माती वर्षानुवर्षे गोठलेली असते. तो थर खरवडला, की उन्हाळ्याची ऊब आत शिरते, मातीतील बर्फ वितळते आणि भक्कम वाटणाऱ्या भूमीचा चिखल होतो. म्हणून जमिनीला धक्का न लावता तिच्यावर खडीचा जाड भराव घातला गेला. काही ठिकाणी त्याची जाडी २.४ मीटरपर्यंत आहे. हा भराव म्हणजे गोठलेल्या भूमीवर घातलेले पांघरूणच. मात्र हे पांघरूण ऊब राखण्यासाठी नसून थंडी राखण्यासाठी आहे.

या मार्गाने जाणाऱ्याला प्रथम टूम्बस्टोनची काळी, अणकुचीदार शिखरे दिसतात. पुढे इंधन मिळते ते थेट ईगल प्लेन्स येथे, म्हणजे फाट्यापासून ३६९ किलोमीटरांवर. तेथून काही अंतरावर ध्रुववृत्त लागते. खडीतील धारदार पाटीचा दगड चाके फाडतो. म्हणून जाणते प्रवासी दोन जादा चाके बरोबर घेतात. रिचर्डसन पर्वतांत वारा कधीकधी इतका उसळतो, की रस्ता बंद करावा लागतो. हिवाळ्यात पॉर्क्युपाइन कळपाची कॅरिबू हरिणे या भागात उतरतात. ती रस्ता ओलांडू लागली, तर वाहनाने थांबावे हेच उचित. कारण ही वाट त्यांची आधी आहे.

पील आणि मॅकेन्झी या दोन नद्यांवर पूल नाहीत. उन्हाळ्यात तरीतून मोटारी पलीकडे नेतात. हिवाळ्यात नदीच गोठून पूल होते. परंतु शरद ऋतूत बर्फ धरेपर्यंत आणि वसंतात ते फुटून वाहून जाईपर्यंत तरही चालत नाही आणि बर्फही भार सोसत नाही. त्या आठवड्यांत पलीकडच्या गावांचा या रस्त्याशी संबंध तुटतो, दुकानांत माल येतो तो विमानाने. तेव्हा ‘बारमाही’ हा शब्द येथे जरा जपूनच वापरावा लागतो.

इनुविक येथे घरे खांबांवर उभी आहेत, जेणेकरून त्यांची ऊब जमिनीला लागू नये. उन्हाळ्यात तेथे जवळजवळ आठ आठवडे सूर्य मावळत नाही. हिवाळ्यात सुमारे महिनाभर तो उगवत नाही. १५ नोव्हेंबर २०१७ रोजी तेथून पुढे टुक्टोयाक्टुकपर्यंतचा रस्ता खुला झाला आणि मोटार थेट ध्रुवसागराच्या किनाऱ्याला पोहोचू लागली.

परंतु ज्या थंडीच्या भरवशावर हे सारे उभे आहे, ती थंडीच आता डळमळू लागली आहे. पृथ्वीच्या सरासरीहून अधिक वेगाने हा प्रदेश तापत आहे. गोठलेली भूमी सुटू लागली, की भराव खचतो, रस्त्याला भेगा जातात, डोंगरउतार घसरतात. टुक्टोयाक्टुक येथे समुद्र किनारा कुरतडीत आहे आणि काठावरची काही घरे आत हलवावी लागली आहेत. तेलाच्या शोधाने ज्या रस्त्याला गती दिली, त्याच्या पायाखालचे बर्फ तेलाच्या ज्वलनातून आलेली उष्णता वितळवीत आहे.

रस्ता झाला म्हणजे प्रदेश जिंकला, असे मानण्याची माणसाला सवय आहे. डेम्प्स्टर महामार्ग तसे मानू देत नाही. येथे नदी सांगेल तेव्हा थांबावे लागते, वारा सांगेल तेव्हा परतावे लागते आणि या भूमीला पिढ्यान्‌पिढ्या ओळखणाऱ्यांचे बोलणे ऐकावे लागते. जो हे मान्य करून निघतो, त्याच्यासाठी ही वाट खुली आहे.