बगळ्यांच्या बेटावर



माझा मुलगा नोकरीनिमित्त मॉरिशसला असतो. सुटीत त्याने आम्हां दोघांना तिकडे बोलावून घेतले. मॉरिशस म्हणजे आफ्रिकेच्या पूर्वेला, हिंदी महासागरातला बेटांचा देश. उसाचा मुलूख. १८३४ सालापासून इंग्रजांनी हिंदुस्थानातून मजूर करारावर तिथे नेले. त्यांत आपल्या रत्नागिरीकडचे लोकही होते. त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात. पण तो विषय मोठा आहे. तो पुन्हा कधीतरी.

एके दिवशी मुलगा, सून, नातू आणि आम्ही दोघे असे होडीने निघालो. माहेबूर गावाजवळून होडी सुटते. समुद्रातले अंतर किलोमीटरभरही नाही. बेटाचे नाव ईल-ओ-झेग्रेत. फ्रेंच नाव आहे, अर्थ बगळ्यांचे बेट. बगळा मात्र आम्हांला एकही दिसला नाही! सारे बेट जेमतेम पासष्ट एकरांचे. तिथे मुक्काम करता येत नाही. वाटाड्याच्या मागून चालायचे, पायवाट सोडायची नाही, पानसुद्धा तोडायचे नाही. आमची मंडळी म्हणाली, "देवळातही माणसं इतकी शिस्तीत चालत नाहीत हो."

थोडे पुढे गेलो तो वाटेत एक कासव आडवे. आपल्या विहिरीतले कासव डोळ्यांसमोर आणू नका. याची पाठ पालथ्या घंगाळासारखी! मोठा नर अडीचशे किलोपर्यंत भरतो, म्हणजे भाताची पाच पोती. शंभर वर्षांहून जास्त जगतो. नातू वाकून पाहू लागला, तरी ते आपले सावकाश पाने खात राहिले.

वाटाड्या सांगे आणि मुलगा आम्हांला मराठीत समजावून देई. ही कासवे मूळची इथली नव्हेत, सेशेल्स देशातल्या अल्डाब्रा बेटांवरच्या जातीची आहेत. इथली कासवे माणसांनी खाऊन कधीच संपवली. मग गंमत अशी झाली, की आबनुसाच्या झाडांची फळे झाडाखालीच पडून राहू लागली. कासव फळ खाई आणि बी दूर नेऊन टाकी. आता ते करणार कोण? झाडे होती, पण नवी रोपे उगवेनात. म्हणून ही पाहुणी कासवे आणून सोडली. त्यांच्या पोटातून गेलेले बी चांगले रुजते, असे तपासून पाहिले आहे. झाडाखालची कोवळी रोपे त्याने आम्हांला बोट करून दाखवली. मला त्या कासवापेक्षा त्या रोपांचेच अप्रूप वाटले.

वाटेवर डोडो पक्ष्याचा धातूचा पुतळा आहे. १५९८ साली डच लोक मॉरिशसला उतरले. डोडोला उडता येत नव्हते आणि माणसाचे भयही ठाऊक नव्हते. जहाजांबरोबर आलेले उंदीर, डुकरे, माकडे यांनी अंडी खाल्ली. शंभर वर्षांच्या आत डोडो संपला.
"आजोबा, एकही नाही उरला?"
"एकही नाही, बाळा."

तीच गत गुलाबी कबुतराची व्हायची होती. १९९० च्या सुमारास रानात अवघी दहाएक उरली होती. दहा, बरं का! पिंजऱ्यात जपून त्यांची पैदास केली आणि १९९४ पासून या बेटावर सोडली. आज देशात ती काही शेकड्यांनी आहेत. एक आमच्या डोक्यावरच्या फांदीवर येऊन बसले. सुनेला आधी दिसले.

हे बेट तरी कुठे धड होते? लाकडासाठी रान तुटले. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी तिथे तोफा बसवल्या, त्यासाठीही तुटले. १९६५ साली बेट राखीव ठरले, पण उंदीर आणि बाहेरची झाडेझुडपे होतीच. पुढे मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन या संस्थेने उंदीर संपवले, परकी झुडपे हातांनी उपटली, रोपवाटिकेत देशी रोपे वाढवून लावली. मोठ्या सापसुरळ्या आणून सोडल्या. असे काम वर्षानुवर्षे चालले.

आणि २०२० साली घात होता होता राहिला. २५ जुलैला वाकाशिओ नावाचे मालवाहू जहाज जवळच्याच प्रवाळाच्या खडकावर चढले. ऑगस्टमध्ये ते फुटून सुमारे हजार टन तेल समुद्रात गेले. पाणी काळे झाले. संस्थेच्या माणसांनी काही दुर्मिळ पक्षी आणि हजारो रोपे उचलून मोठ्या बेटावर नेली. गावोगावची माणसे किनाऱ्यावर धावली. बायकांनी कापड शिवले, पुरुषांनी त्यात उसाचे पाचट भरले, आणि त्या लांबच लांब गाद्या पाण्यात टाकून तेल अडवू लागले. आपण पाचट पेटवून देतो, तेच हे पाचट.

आम्ही गेलो तेव्हा पाणी निळेशार होते. परतीच्या होडीत नातू वाटाड्याला विचारत होता, आबनुसाचे रोप माझ्याएवढे कधी होईल? तो हसला. फार सावकाश वाढते ते झाड.