स्टाफरूममधले पाणी
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



१९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे एक नवे प्राध्यापक रुजू झाले. कोलंबिया विद्यापीठात शिकलेले, शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनमधला अभ्यास अर्धा टाकून परतलेले. शिकवायचे असे, की दुसऱ्या कॉलेजांतली मुले त्यांच्या तासाला येऊन बसू लागली. पण स्टाफरूममध्ये प्राध्यापकांसाठी पाण्याचे जे भांडे होते, त्यातले पाणी त्यांनी घेण्याला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. हे प्राध्यापक म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. प्रसंग तुमच्या वाचनातला आहे. मी तो पुन्हा सांगितला तो एवढ्यासाठी, की वर्गात निभावले आणि अडले ते स्टाफरूममध्ये. कॉलेजातल्या समतेबद्दल बोलताना आपण नेहमी मुलांबद्दल बोलतो. मास्तर स्वतःला त्यातून वगळून घेतात.

मी एकोणीस वर्षे इंग्लंडमधल्या एका कॉलेजात गणित शिकवले. विद्यापीठ नव्हे. आपले ज्युनिअर कॉलेज आणि आयटीआय यांच्या मधले काहीतरी. सोळा-सतरा वर्षांची मुले यायची आणि दिवसभर नोकरी करून संध्याकाळी शिकणारी मोठी माणसेही. मी गेलो तेव्हा तिथे वंशभेद आहे असे कोणी म्हटले असते तर सगळ्यांना खरेच वाईट वाटले असते. वर्षातून एकदा उत्सव व्हायचा. साडी, समोसे आणि कॅरिबियन स्टील बँड, असे त्याचे ठरलेले त्रिकूट. समोसे मीही तळले आहेत. माझ्या आडनावात ‘ळ’ आहे, तो तिथे कोणाला येत नसे. मी सोय म्हणून ‘ल’ मान्य केला आणि पुढे तेच आडनाव झाले. ही तक्रार नव्हे, सवय कशी लागते तेवढे सांगितले.

मग कायदा बदलला. तो का बदलला हे सांगितले पाहिजे. २२ एप्रिल १९९३ च्या रात्री लंडनच्या एल्टम भागात स्टीफन लॉरेन्स नावाचा अठरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा मित्राबरोबर बसथांब्यावर उभा होता. त्याला आर्किटेक्ट व्हायचे होते. गोऱ्या तरुणांच्या टोळक्याने त्याला भोसकून मारले. पोलिसांनी तपासाची माती केली. आई-वडील डोरीन आणि नेव्हिल लॉरेन्स यांनी वर्षानुवर्षे पिच्छा पुरवला, तेव्हा कुठे सर विल्यम मॅकफर्सन यांची चौकशी समिती बसली. फेब्रुवारी १९९९ मध्ये तिचा अहवाल आला, त्यात ७० शिफारशी होत्या. मारेकऱ्यांपैकी दोघांना शिक्षा व्हायला मात्र २०१२ साल उजाडले.

मॅकफर्सन यांनी एक शब्द सगळ्या देशाच्या तोंडी बसवला. संस्थात्मक वंशभेद. शब्द जुनाच, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चळवळीतला. अर्थ असा, की एखाद्या संस्थेतल्या कोणाच्या मनात उघड द्वेष नसला तरी तिच्या रोजच्या रीतीभाती, तिचे अज्ञान, माणसांबद्दलच्या ठोकळेबाज कल्पना यांतून काही लोकांवर सतत अन्याय होत राहतो. आमच्या कॉलेजातले सज्जन लोक या शब्दाने फार दुखावले. सज्जनांना दुष्ट म्हटलेले चालते, ते आपल्याबद्दल नाही हे त्यांना ठाऊक असते. इथे नेमके त्यांच्याबद्दलच बोलले होते.

२००० साली जुन्या वंशसंबंध कायद्यात दुरुस्ती झाली. तोपर्यंतचा १९७६ चा कायदा ‘भेदभाव करू नका’ एवढेच म्हणत होता. तक्रार करायची ती ज्याला चटका बसला त्याने. नव्या दुरुस्तीने ओझे उलट बाजूला टाकले. सार्वजनिक संस्थेनेच भेदभाव हुडकून काढायचा, समान संधी वाढवायची, वेगवेगळ्या लोकांचे संबंध चांगले राहतील असे पाहायचे. प्रत्येक कॉलेजाने ३१ मे २००२ पर्यंत वंशसमतेचे लेखी धोरण तयार करायचे होते. आणि त्यातला खरा काटा पुढे होता. विद्यार्थ्यांचे प्रवेश आणि प्रगती, शिक्षक-कर्मचाऱ्यांच्या नेमणुका आणि बढत्या, हे सगळे वंशगटवार मोजायचे.

आमच्या कॉलेजाची समिती बसली. ‘आशियाई’ म्हणून मी तिच्यात आपोआपच आलो. धोरणाचा कागद कोणीही लिहील, तो दोन बैठकींत झाला. अडले ते मोजणीशी. ‘आम्ही रंग बघतच नाही, मग मोजायचा कशाला?’ असे आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले. मनापासून म्हणाले, मलाही पटले. मग आकडे आले. कॅरिबियन घरांतल्या मुलांना शिस्तभंगाच्या नोटिसा गोऱ्या मुलांच्या मानाने जास्त जात होत्या, त्याच गुन्ह्यांसाठी. पहाटे फरशा पुसणाऱ्या बायका जवळजवळ सगळ्या काळ्या-सावळ्या, नियामक मंडळ सगळे गोरे, आणि माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर मात्र सगळ्या रंगांची हसरी मुले. बैठकीत बराच वेळ कोणी बोलले नाही. त्या नोटिसांपैकी काहींवर माझी सही होती.

शाहू महाराजांनी अशीच मोजणी केली नव्हती का? १८९४ साली राज्यकारभार हाती घेतला तेव्हा कोल्हापूरच्या सामान्य प्रशासनात ७१ जागा आणि त्यांतल्या ६० वर ब्राह्मण अधिकारी. आधी हा हिशेब, नंतर २६ जुलै १९०२ चा पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम. हुकूम निघाला तेव्हा महाराज इंग्लंडच्या दौऱ्यावर होते. आमच्या समितीला मी हे सांगितले. कोणाला कोल्हापूर माहीत नव्हते, पण हिशेब कळला.

मोजल्याने सगळे सुटले असे समजू नका. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या विद्यापीठांच्या आणि विद्यार्थ्यांच्या संघटनांनी मिळून अहवाल काढला. पदवीला वरच्या दोन श्रेणींत येण्याच्या प्रमाणात गोरे विद्यार्थी आणि इतर वंशांचे विद्यार्थी यांच्यात तेरा टक्क्यांची तफावत होती. प्राध्यापक हे तिथे सर्वांत वरचे पद, शिकवणारा प्रत्येक जण प्राध्यापक नसतो. २०२१ च्या सुमारास असे तेवीस हजारांच्या आसपास प्राध्यापक होते आणि त्यांत कृष्णवर्णीय सुमारे १६०. शंभरात एकसुद्धा नाही. पण हे बोलता येते ते आकडा आहे म्हणून. पूर्वी या जागी नुसती कुजबुज होती.

आता माझ्या पदरची गोष्ट. समितीत माझी पाच वर्षे झाली असतील, तेव्हा एक मुलगा मला भेटायला आला. मराठी, आपल्याच भागातला. भारतीय मुलांच्या भाड्याच्या घरात त्याला आधी आडनाव विचारले, मग गाव, मग वडील काय करतात. त्यानंतर त्याची भांडी वेगळी झाली. तो म्हणाला, ‘सर, तुमच्या फॉर्ममध्ये याला रकाना कुठला?’ मी त्याला सांगितले, की हा आपल्या घरातला प्रश्न आहे, तो इंग्रजांपुढे कशाला न्यायचा? हे शब्द माझ्या तोंडून गेले. गोऱ्यांच्या नजरेत मी सावळा, म्हणून अन्याय झालेल्यांच्या बाकावर बसलो होतो. या मुलाच्या हिशेबी मी पाण्याच्या भांड्याशेजारचा प्राध्यापक होतो. तो पुन्हा आला नाही.

त्याचा रकाना ब्रिटिश कायद्यातही आजवर धड आलेला नाही. २०१३ मध्ये पार्लमेंटने ठरवले की, वंशसंबंध कायद्याच्या जागी आलेल्या समता कायद्यात जात हा वंशाचाच भाग धरावा. २०१८ मध्ये सरकारने ते करणार नाही म्हणून जाहीर केले. कारण दिले ते न्यायालयांच्या निकालांतून संरक्षण मिळतेच असे. मधल्या काळात तिथल्या आपल्याच काही संघटनांनी त्या तरतुदीला जोरदार विरोध केला होता. वंशसमतेच्या सभेत पुढच्या रांगेत बसणारे काही चेहरे त्यांत मला ओळखीचे दिसले.

आपल्याकडचे काय? पुण्यात आफ्रिकेतून, ईशान्येकडून मुले शिकायला येतात. त्यांना काय नावांनी हाक मारतात ते इथल्या तरुणांना मी सांगायला नको. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचलच्या निडो तानिया या तरुणाचा बळी गेला, त्याची सुरुवात त्याच्या केसांच्या थट्टेपासून झाली. त्यानंतर ईशान्येकडच्या लोकांच्या अडचणी पाहायला बेझबरुआ समिती नेमली गेली. त्याच्याही आधी, २०१२ मध्ये, विद्यापीठ अनुदान आयोगाने भेदभावाच्या तक्रारी ऐकणारा एक अधिकारी प्रत्येक संस्थेत नेमायला सांगितले होते. कागद आपल्याकडे कमी नाहीत.

समोर दोन-तीन प्राचार्य बसलेले दिसतात. त्यांना माझी एक विनंती आहे. तुमच्या कॉलेजात हा अधिकारी कोण, हे उद्या सकाळी आधी शिपायाला विचारा, मग पहिल्या वर्षाच्या मुलांना विचारा. दोघांनाही सांगता आले नाही, तर पुढच्या वर्षी मला बोलावू नका, त्या मुलांपैकी एखाद्याला या व्यासपीठावर बोलवा.