सात दिवसांचे शिबिर आणि प्राध्यापकांचा वाटा
(नारपोली येथील पालक मेळाव्यात केलेले भाषण)



महाविद्यालयातून सात दिवसांच्या शिबिराचे पत्र घरी येते, तेव्हा पालकांच्या मनात पहिला प्रश्न उठतो, यात मुलगा शिकणार काय? पत्र मुलीचे असेल तर त्याआधी दुसराच प्रश्न उठतो, बरोबर कोण जाणार? दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोहोंचे उत्तर प्राध्यापकांजवळ आहे.

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम, सात दिवसांचे विशेष शिबिर आणि शंभर स्वयंसेवकांमागे कार्यक्रम अधिकारी म्हणून एक प्राध्यापक, अशी तिची रचना. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर तर क्षेत्रप्रकल्पाला पदवीच्या अभ्यासक्रमातच स्थान मिळाले. तरीही कित्येक ठिकाणी प्राध्यापकांचा सहभाग हजेरी घेणे, जेवणाची सोय पाहणे आणि शेवटच्या दिवशी फोटोत उभे राहणे एवढाच उरतो. (रोपे लावतानाचे फोटो सर्वांकडे असतात, पुढच्या वर्षी त्या रोपांचे कोणी विचारत नाही.)

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन होते. हस्तव्यवसाय हा जादा विषय म्हणून न शिकवता त्याच्याच द्वारे गणित, विज्ञान, समाजशास्त्र शिकवावे, हा त्या योजनेचा गाभा. सूतकताई आणि विणकाम त्यात प्रमुख होते. नारपोलीत तर विणकाम शाळेत नेण्याचीही गरज नाही. माग गल्लीतच खडखडत आहेत.

वाणिज्याच्या प्राध्यापकांनी एक मीटर कच्च्या कापडाचा हिशेब विद्यार्थ्यांबरोबर मांडावा: सूत, सायझिंग, वीज, मजुरी, आणि मालकाच्या हाती काय उरते. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी आवाज मोजण्याचे यंत्र घेऊन कारखान्यात उभे राहावे. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा धरलेली आहे. आपल्या गल्लीतला आकडा त्याच्या शेजारी लिहावा. मग वडील घरी मोठ्याने का बोलतात, हे मुलाला वेगळे सांगावे लागणार नाही. भाषेच्या प्राध्यापकांनी मागावरचे शब्द जमवावेत. धोटा, कांडी, ताणा, बाणा हे शब्द कोणाच्या तोंडी कसे येतात, हा अभ्यास ग्रंथालयात बसून होत नाही.

मात्र प्राध्यापकांनी आधी स्वतः जावे. मालकाची परवानगी घेऊन एक पूर्ण पाळी कारखान्यात काढावी. सुटा दुपट्टा कुठे अडकेल, उडालेला धोटा कुठवर येईल, हे त्यांना ठाऊक असल्याशिवाय मुलांना आत नेऊ नये. आणखी एक गोष्ट. कारागिराची मजुरी विणलेल्या कापडावर असते. आपण त्याच्याशी दहा मिनिटे बोललो तर ती दहा मिनिटे त्याच्या पोटातून जातात. बीम संपून नवे चढेपर्यंत माग थांबतो, त्या वेळी विचारावे. हे पुस्तकात लिहिलेले नाही, पाळी काढणाऱ्यालाच कळते.

मुलींविषयी स्पष्ट बोलतो. प्राध्यापिका पूर्ण वेळ बरोबर असाव्यात आणि जाण्यायेण्याची वेळ त्यांनी घरी येऊन सांगावी. एवढे झाले की पालकांनीही अडवू नये. मुलींना आपण सवलत देतो आहोत असे तर मुळीच समजू नये. घरबसल्या मजुरीचे काम करणाऱ्या स्त्रिया पुष्कळ. त्यांच्या घरात जाऊन हिशेब विचारणे मुलांना जमणार नाही, ते मुलीच करू शकतील. त्या घरी राहिल्या तर पाहणी अर्धीच होईल.

रोज सायंकाळी एक तास सर्वांनी बसावे. प्रत्येकाने टिपलेले वाचावे आणि प्राध्यापकांनी ते आपल्या विषयाशी जोडून दाखवावे. हा तास गाळला तर शिबिराची सहल होते. एखाद्या विद्यार्थ्याचे वडील मागावर असतील तर त्यांनाही त्या बैठकीत बोलवावे, खुर्ची द्यावी आणि शिकवू द्यावे.

अहवाल विद्यापीठाकडे जाण्यापूर्वी ज्यांनी आकडे दिले त्यांना वाचून दाखवावा. मराठीत, उर्दूत, आणि उत्तर प्रदेश-बिहारकडून आलेल्या कारागिरांसाठी हिंदीत. मजुरीचा आकडा चुकला असेल तर तेच सांगतील, आणि तो तिथेच, त्यांच्यासमोर दुरुस्त करावा.