नंबराआधीचा प्रश्न

आम्ही दवाखान्यात काउंटरवर बसणाऱ्या. नाव, गाव, वय लिहितो, नंबर लावतो. लोकांना वाटतं, आम्ही अडवायलाच बसलो आहोत. असो.

पण कपाशीवर फवारणी सुरू झाली की आमचा पहिला प्रश्न बदलतो. कुणी म्हणालं, ‘मळमळते, गरगरते, अंधुक दिसते’, तर नावाआधी आम्ही विचारतो, ‘दादा, फवारणी केली का?’ हो म्हटलं की थेट आत. मागचे ओरडतात, ओरडू द्या. 2017 मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 हून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले.

येताना औषधाचा डबा पिशवीत घालून आणा. ‘हिरव्या झाकणाचं औषध’ एवढ्यावरून डॉक्टरांना काही कळत नाही. अंगावरचे कपडे बदला, साबणानं अंग धुवा, पण त्यात वेळ घालवू नका.

आणि बाया तर सांगतच नाहीत. औषध पाण्यात कालवून देतात, फवारणीचे कपडे धुतात, अन् विचारलं की म्हणतात, ‘मी कुठं फवारलं, ताई?’ मग नंबरात बसून राहतात. कालवलं, धुतलं, तेही काउंटरवर सांगा. गाडी मिळत नसेल तर 108 लावा, पैसे लागत नाहीत.